दोन वर्षांची आघाडी: वायमॅक्स नेमकं कुठे हरलं?

४ जून २०१० रोजी अमेरिकेत स्प्रिंट या मोबाइल कंपनीने एचटीसीचा ‘ईव्हो फोरजी’ विक्रीला आणला. ४.३ इंची पडदा, तेव्हा हातात घेतल्यावर मोठाच वाटायचा. फोन टेबलावर आडवा उभा करता यावा म्हणून पाठीला घडीची पट्टी होती. आत दोन वेगवेगळे रेडिओ: एक जुन्या सीडीएमए नेटवर्कचा, दुसरा वायमॅक्सचा, म्हणजे टॉवरवरून वेगवान इंटरनेट देणाऱ्या तेव्हाच्या नव्या फोरजी तंत्रज्ञानाचा. आणि पडद्यावर फोरजी चालू-बंद करायचं एक बटण.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत बोलकं वाटतं ते हे बटण. ज्या फोनची सगळी जाहिरात फोरजीच्या नावावर चालली होती, त्यातच फोरजी बंद करायची सोय हाताशी ठेवावी लागली होती. बॅटरी १५०० एमएएचची. वायमॅक्सचा रेडिओ चालू राहिला की ती भराभर उतरायची, आणि जिथे वायमॅक्सची रेंजच नाही तिथे रेडिओ सिग्नल शोधत बसायचा, म्हणजे पुन्हा बॅटरीच जायची. फोनवर बोलणं सुरू असे ते जुन्या नेटवर्कवरूनच. तरी या फोनसाठी स्प्रिंट महिन्याला १० डॉलर जादा घेत असे, मग तुमच्या शहरात वायमॅक्स पोहोचलेलं असो वा नसो.

अमेरिकेतला हा पहिला फोरजी फोन. व्हेरायझन या स्पर्धक कंपनीचं एलटीई (वायमॅक्सला टक्कर देणारं दुसरं फोरजी तंत्रज्ञान) नेटवर्क सुरू व्हायला अजून सहा महिने होते आणि त्यावर चालणारे फोन यायला त्याहून जास्त. शर्यतीत स्प्रिंट उघड उघड पुढे होती. तरीही पुढच्या सोळा महिन्यांत तिने स्वतःचं एलटीई नेटवर्क उभारत असल्याचं जाहीर केलं आणि वायमॅक्स हळूहळू बंद होणार हे ठरून गेलं.

हे प्रकरण सांगताना बहुतेक जण म्हणतात की स्प्रिंटने २००६ मध्ये चुकीचं तंत्रज्ञान निवडलं. मला ते पटत नाही. त्या वर्षीची परिस्थिती समोर ठेवली तर तो निर्णय समजण्यासारखा होता, किंबहुना दुसरा फारसा पर्यायच नव्हता. चूक झाली ती मे २००८ मध्ये, आणि ती तंत्रज्ञान निवडण्याची नव्हती.

शाळांचा पट्टा

स्प्रिंटकडे २.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा भरपूर स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा, होता. या पट्ट्याचा इतिहास वेगळाच आहे. १९६३ मध्ये एफसीसी या अमेरिकी दूरसंचार नियामकाने तो शिक्षणसंस्थांसाठी राखून ठेवला होता. वर्गावर्गांत शैक्षणिक कार्यक्रम टीव्हीवर दाखवता यावेत, हा हेतू. पुढे तेवढा सगळा पट्टा शाळांना लागेनासा झाला आणि त्या तो कंपन्यांना भाड्याने देऊ लागल्या. २००४ मध्ये एफसीसीने पट्ट्याची फेरमांडणी केली आणि तो ब्रॉडबँडसाठी मोकळा झाला.

२००५ मध्ये स्प्रिंट आणि नेक्स्टेल या दोन मोबाइल कंपन्यांचं विलीनीकरण झालं. दोघींकडेही या पट्ट्यातला मोठा वाटा होता. विलीनीकरणाला मंजुरी मिळताना एक अट पडली: चार वर्षांत किमान दीड कोटी लोकांपर्यंत या पट्ट्यावरची सेवा पोहोचली पाहिजे, आणि सहा वर्षांत आणखी दीड कोटी लोकांपर्यंत. म्हणजे पहिली मुदत २००९ ची. ही तारीख लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं.

आता २००६ च्या ऑगस्टमध्ये बाजारात काय उपलब्ध होतं ते पाहू. स्प्रिंटच्या पट्ट्यात बोलण्याची आणि ऐकण्याची वेगळी जोडी नव्हती. मोबाइलच्या जुन्या पट्ट्यांत टॉवरकडून फोनकडे येणारी लहर एका वारंवारतेवर असते आणि फोनकडून टॉवरकडे जाणारी दुसऱ्या. याला एफडीडी म्हणतात. जोडी नसली तर एकाच पट्ट्यावर आळीपाळीने, काही मिलिसेकंद इकडून आणि काही मिलिसेकंद तिकडून, असं चालवावं लागतं. ते टीडीडी. एकाच लेनच्या पुलावर दोन्ही टोकांना झेंडेवाला उभा करून वाहतूक सोडावी तसं. टीडीडीवर चालणारं, मोबाइलसाठी मानक ठरलेलं आणि दोन-तीन मोठे उत्पादक तयार असलेलं एकच तंत्रज्ञान तेव्हा नजरेसमोर होतं: वायमॅक्स. आयट्रिपलई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने त्याचं मोबाइल रूप, ८०२.१६ई, डिसेंबर २००५ मध्ये मंजूर केलं होतं. जून २००६ मध्ये दक्षिण कोरियात त्याच कुळातली वायब्रो सेवा ग्राहकांसाठी सुरूही झाली होती. एलटीई तेव्हा मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेच्या बैठकांमध्ये कागदावर होतं. त्याचा पहिला पक्का मसुदा गोठायला डिसेंबर २००८ उजाडला.

८ ऑगस्ट २००६ रोजी स्प्रिंटने वायमॅक्सची घोषणा केली. सोबतीला इंटेल, मोटोरोला आणि सॅमसंग. दोन वर्षांत अडीच ते तीन अब्ज डॉलर खर्च करायचं ठरलं. निर्णयामागे आणखी एक कारण होतं. सीडीएमए वापरणाऱ्या स्प्रिंटला चिपपासून पेटंटच्या रॉयल्टीपर्यंत क्वालकॉम या चिप कंपनीशी बांधून घ्यावं लागलं होतं, आणि वायमॅक्समध्ये ती गाठ सैल होईल असं दिसत होतं. क्वालकॉमलाही धोका कळला होता. ओएफडीएम या नव्या रेडिओ पद्धतीवर काम करणारी फ्लॅरिअन ही कंपनी तिने आधीच विकत घेतली होती, त्यामुळे नव्या पिढीच्या पेटंटमध्येही तिचा पाय रोवलेला राहिला.

मुदत अंगावर आलेली, पट्टा जोडीशिवायचा, दुसरं तंत्रज्ञान दोन वर्षं दूर, आणि जुन्या पुरवठादाराच्या पकडीतून सुटायची संधी. या टेबलावर बसलेल्या माणसाला मी दोष देऊ शकत नाही.

इंटेलचा हिशेब

इंटेल या खेळात का उतरली, हे पाहिल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. २००३ मध्ये सेंट्रिनो हा वायफायसह येणारा चिपसंच आणून इंटेलने लॅपटॉपमध्ये वायफाय घरोघरी पोहोचवलं होतं. तेच पुन्हा करायचं: प्रत्येक लॅपटॉपमध्ये वायमॅक्सची चिप, आणि वायफायसारखंच, पण शहरभर पसरलेलं नेटवर्क. जुलै २००६ मध्ये इंटेलने क्लिअरवायर या कंपनीत ६० कोटी डॉलर घातले आणि मोटोरोलाने ३० कोटी. क्लिअरवायर २००३ मध्ये स्थापन केली होती क्रेग मॅकॉ यांनी. अमेरिकेत सेल्युलरच्या सुरुवातीच्या काळात परवाने गोळा करून उभी केलेली कंपनी १९९४ मध्ये एटी अँड टीला विकणारे हेच ते मॅकॉ. आता ते २.५ गिगाहर्ट्झचा पट्टा गोळा करत होते. मार्च २००७ मध्ये क्लिअरवायरचा समभाग २५ डॉलरला बाजारात आला.

इंटेलचा हिशेब लॅपटॉपवर बेतलेला होता आणि तिथेच तो चुकला. लॅपटॉप माणूस स्वतः विकत घेतो, त्यात कुठला रेडिओ असावा हे चिप बनवणारा आणि संगणक बनवणारा ठरवतात. अमेरिकेत तेव्हा फोन विकत होती ती मोबाइल कंपनी, स्वतःच्या खिशातून सवलत देऊन. फोनमध्ये कुठला रेडिओ असेल हे तीच ठरवायची. जून २००७ मध्ये आयफोन आला आणि पुढच्या तीन वर्षांत इंटरनेट लॅपटॉपवरून खिशात आलं. इंटेलला ज्या यंत्रावर सत्ता होती ते यंत्रच मागे पडलं.

तंत्रज्ञान खरंच कमी होतं का?

वायमॅक्स आणि एलटीई, दोघांचा पाया एकच. डाउनलिंकला, म्हणजे टॉवरकडून फोनकडे येताना, दोन्हीकडे ओएफडीएमए: रुंद पट्टा शेकडो बारीक उपवाहकांमध्ये विभागायचा आणि एकेका ग्राहकाला त्यातले काही वाटून द्यायचे. उंच इमारतींवर आदळून उशिरा येणाऱ्या प्रतिध्वनींचा त्रास त्यामुळे कमी होतो. एकाहून जास्त अँटेना, सगळं आयपीवर चालणारं नेटवर्क, हेही दोन्हीकडे.

फरक होता तो अपलिंकला. वायमॅक्सने फोनकडून टॉवरकडे जातानाही ओएफडीएमएच ठेवलं. त्यात अनेक उपवाहक एकत्र येताना अधूनमधून शक्तीची मोठी उसळी येते आणि ती सांभाळायला फोनमधला ॲम्प्लिफायर मोठा ठेवून कमी कार्यक्षमतेने चालवावा लागतो. एलटीईने तिथे एससी-एफडीएमए वापरलं, उसळ्या कमी केल्या आणि बॅटरी वाचवली. लॅपटॉपला या फरकाने काही बिघडत नाही, खिशातल्या फोनला बिघडतं. ईव्होच्या बटणामागे हे एक कारण होतं. दुसरं आणि मोठं कारण म्हणजे वायमॅक्स आणि सीडीएमए ही दोन परकी कुळं होती, त्यामुळे एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर जाताना जोडणीत खंड पडायचा आणि फोनला दोन्ही रेडिओ सांभाळावे लागायचे.

अपलिंकचा मुद्दा खरा आहे, पण तेवढ्याने एखादं तंत्रज्ञान मरत नाही. अशा उणिवा पुढच्या आवृत्तीत भरून निघतात. एलटीईच्याही पहिल्या फोनांची बॅटरी काही फार टिकत नव्हती.

नोव्हेंबर २००७

खरा घाव पडला तो एका निवडीने. नोव्हेंबर २००७ च्या अखेरीस व्हेरायझन वायरलेसने पुढच्या पिढीसाठी एलटीई घेत असल्याचं जाहीर केलं. तोवर जग दोन घराण्यांत विभागलेलं होतं: जीएसएमचं मोठं आणि सीडीएमएचं छोटं. व्हेरायझन सीडीएमए घराण्यातली. तिने क्वालकॉमचं यूएमबी हे पुढच्या पिढीचं तंत्रज्ञान घ्यावं अशी अपेक्षा होती. पण तिची ४५ टक्के मालकी व्होडाफोनकडे होती, आणि व्होडाफोनला जगभर एकच जाळं हवं होतं. व्हेरायझनने घराणं बदललं. वर्षभरात क्वालकॉमने यूएमबीवरचं काम थांबवलं आणि तीही एलटीईकडे वळली.

याचा अर्थ साधा होता. एप्रिल २००८ मध्ये जीएसएम कुळातल्या जोडण्यांनी ३ अब्जांचा टप्पा ओलांडला. हे सगळे ग्राहक ज्या कंपन्यांचे, त्यांना टूजीवरून थ्रीजी आणि थ्रीजीवरून एलटीई अशी पायरी-पायरीने चढायची वाट होती. जुन्या टॉवरवर नवा रेडिओ लावायचा, आणि फोन नव्या नेटवर्कच्या बाहेर गेला की गुपचूप जुन्यावर उतरायचा. वायमॅक्सकडे अशी जुनी पायरीच नव्हती. त्याला प्रत्येक ग्राहक नव्याने मिळवायचा होता. चिपचा खर्च किती नगांवर वाटला जाणार, पुढच्या आवृत्तीवर किती अभियंते बसणार, परदेशात गेल्यावर फोन चालणार की नाही, या सगळ्याचं उत्तर त्या महिन्यात जवळजवळ ठरून गेलं.

आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेने ऑक्टोबर २००७ मध्ये वायमॅक्सला आयएमटी-२००० या थ्रीजी मानकांच्या कुटुंबात जागा दिली होती, म्हणजे आंतरराष्ट्रीय मान्यतेचा शिक्का बसला होता. पण यंत्रं विकणाऱ्यांनी शिक्का पाहिला नाही, ग्राहक मोजले. एरिक्सन २००७ मध्येच वायमॅक्समधून बाहेर पडली होती. अल्काटेल-ल्यूसंटने २००८ च्या अखेरीस हात आखडता घेतला. नॉर्टेलने जानेवारी २००९ मध्ये मोबाइल वायमॅक्स सोडलं, त्याच महिन्यात ती स्वतः दिवाळखोरीत गेली. नोकियाने एन८१० या टॅब्लेटचं वायमॅक्स रूप काढून काही महिन्यांत बंद केलं. सिस्कोने ३३ कोटी डॉलर देऊन नव्हिनी ही वायमॅक्स कंपनी घेतली होती, पण मार्च २०१० मध्ये तिनेही बेस स्टेशन बनवणं थांबवलं.

मे २००८

आता त्या तारखेकडे येऊ. स्प्रिंटची अवस्था वाईट होती. नेक्स्टेलचं विलीनीकरण फसलं होतं आणि त्यापोटी तिला सुमारे ३० अब्ज डॉलर हिशेबातून खोडावे लागले होते. वायमॅक्सचा पुरस्कार करणारे मुख्याधिकारी गॅरी फोर्सी ऑक्टोबर २००७ मध्ये गेले आणि डिसेंबरात डॅन हेसी आले. क्लिअरवायरशी नेटवर्क वाटून घ्यायचा पहिला करारही नोव्हेंबर २००७ मध्ये मोडला होता. थांबून विचार करायची वेळ होती.

७ मे २००८ रोजी उलटं घडलं. स्प्रिंट आणि क्लिअरवायर यांनी आपले वायमॅक्सचे धंदे एकत्र करून १४.५ अब्ज डॉलर मूल्याची नवी क्लिअरवायर जाहीर केली. बाहेरून ३.२ अब्ज डॉलर आले: इंटेलचे एक अब्ज, केबल कंपनी कॉमकास्टचे १.०५ अब्ज, टाइम वॉर्नर केबलचे ५५ कोटी, गूगलचे ५० कोटी, ब्राइट हाउसचे १० कोटी. स्प्रिंटकडे सुमारे ५१ टक्के मालकी. आणि उद्दिष्ट: २०१० च्या अखेरीस १२ ते १४ कोटी लोकांपर्यंत नेटवर्क.

हा आकडा आणि विलीनीकरणाची अट शेजारी ठेवून पाहा. अट होती २०११ पर्यंत तीन कोटींची. ती पुरी करायला काही मोठी शहरं पुरली असती. मुदतीच्या धाकाने वायमॅक्स निवडावं लागलं हे मान्य, पण त्या मुदतीने देशभर पसरायला सांगितलं नव्हतं. चौपट पल्ला त्यांनी स्वतःहून अंगावर घेतला. आणि कधी? व्हेरायझनने एलटीई जाहीर केल्यानंतर पाच महिन्यांनी, ७०० मेगाहर्ट्झच्या लिलावात तिने सुमारे ९.४ अब्ज डॉलरचा स्पेक्ट्रम घेतल्यानंतर दोन महिन्यांच्या आत.

तो लिलाव फार महत्त्वाचा होता. २.५ गिगाहर्ट्झ आणि ७०० मेगाहर्ट्झ यांच्यात, मोकळ्या हवेतसुद्धा, तशाच साध्या अँटेनांसाठी सुमारे ११ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे तेवढ्याच अंतरावर उरणारी शक्ती जवळजवळ १३ पट कमी. भिंती, झाडं, काच मध्ये आली की फरक आणखी वाढतो. व्हेरायझनची लहर भिंतीतून आत शिरत होती, क्लिअरवायरची खिडकीपाशी अडत होती. तेवढाच प्रदेश व्यापायला क्लिअरवायरला कितीतरी जास्त टॉवर लागणार होते. गर्दीच्या शहरात हे फारसं बिघडत नाही, कारण तिथे टॉवर दाट लागतातच आणि रुंद पट्ट्याचा खरा फायदा तिथेच मिळतो. देशभर पसरताना मात्र हाच पट्टा सगळ्यात महाग पडतो. म्हणजे या स्पेक्ट्रमचा स्वभावच सांगत होता की थोड्या शहरांत घट्ट बसा.

दुसरी बाजूही नीट मांडायला हवी. केबल कंपन्यांनी पैसे दिले होते ते मोबाइल सेवा लवकर हाती यावी म्हणून. ‘आम्ही दोन शहरांत थांबतो आणि टीडी-एलटीई येईपर्यंत वाट पाहतो’, म्हणजे एलटीईचं टीडीडी रूप येईपर्यंत, असं सांगितलं असतं तर ते आले असते का? कदाचित नसते आले. शिवाय टीडी-एलटीई तेव्हा फक्त मसुद्यात होतं, त्याची यंत्रं मिळायला दोन-तीन वर्षं होती. आघाडी हेच क्लिअरवायरचं एकमेव भांडवल होतं आणि ते वापरलं नाही तर वाया जाणार होतं. या युक्तिवादात दम आहे. पण आघाडी वापरायला पैसा लागतो, आणि ३.२ अब्ज डॉलरमध्ये १२ कोटी लोकांचं नेटवर्क पुरं होणार नाही, पुढच्या टप्प्याला बाजारातून आणखी उचल घ्यावी लागेल, हे पहिल्या दिवसापासून उघड होतं. सगळा बेत ‘पुढे पैसे मिळतील’ यावर उभा होता. करार जाहीर झाल्यानंतर चार महिन्यांनी लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी गुंतवणूक बँक बुडाली.

पैसा आटतो

स्प्रिंटने स्वतः सुरू केलेली पहिली सेवा, झोम, २९ सप्टेंबर २००८ रोजी बाल्टिमोरमध्ये सुरू झाली, २ ते ४ मेगाबिटच्या वेगाने. नोव्हेंबरअखेर नवी क्लिअरवायर अस्तित्वात आली. जानेवारी २००९ मध्ये इंटेलने क्लिअरवायरमधल्या गुंतवणुकीपोटी सुमारे ९५ कोटी डॉलरचा तोटा दाखवला. २००९ च्या अखेरीस भागीदारांनी आणखी दीड अब्ज घातले आणि कर्ज काढलं ते १२ टक्के व्याजाने. नफ्यात चाललेल्या व्हेरायझनला एलटीईसाठी असं कर्ज काढावं लागत नव्हतं, तिचे जुने ग्राहकच नव्या नेटवर्कचा खर्च भागवत होते.

तरी क्लिअरवायरच्या अभियंत्यांचं काम पाहिलं की आदर वाटतो. टॉवरपर्यंत तारा ओढायला वेळ आणि पैसा नव्हता, म्हणून त्यांनी टॉवर-टॉवर मायक्रोवेव्हने जोडले, आणि २०१० च्या अखेरीला नेटवर्क ठरवलेल्या १२ कोटींच्या आसपास नेऊन दाखवलं. त्या अर्थाने योजना पार पडली. पण त्याच नोव्हेंबरात कंपनीने पुढे चालू राहण्याबद्दल शंका असल्याचा इशारा दिला आणि १५ टक्के कर्मचारी कमी केले. नेटवर्क तयार, ग्राहक येऊ लागलेले, आणि तिजोरी रिकामी.

मालकीची गाठही आता आवळायला लागली. स्प्रिंट ही क्लिअरवायरची मालक, सर्वांत मोठी घाऊक ग्राहक आणि किरकोळ बाजारातली स्पर्धकही. घाऊक दराबद्दल दोघींत महिनोन्‌महिने वाद चालला, तो एप्रिल २०११ मध्ये मिटला, दोन वर्षांत किमान एक अब्ज डॉलर द्यायचं स्प्रिंटने कबूल केलं तेव्हा. दोन महिन्यांनी स्प्रिंटने क्लिअरवायरमधली आपली मतशक्ती मुद्दाम ४९.८ टक्क्यांवर आणली. क्लिअरवायर कर्ज फेडू शकली नाही तर उपकंपनी म्हणून तिची थकबाकी स्प्रिंटच्या कर्जावर उलटू नये, यासाठी. आपल्याच नेटवर्कपासून कायदेशीर अंतर राखायची वेळ आली होती.

आयफोनला वायमॅक्स नव्हतं

५ डिसेंबर २०१० रोजी व्हेरायझनने ३८ शहरांमध्ये एकदम एलटीई सुरू केलं, ५ ते १२ मेगाबिटच्या वेगाने. स्वीडन आणि नॉर्वेमध्ये टेलियासोनेराने ते वर्षभर आधी, डिसेंबर २००९ मध्येच सुरू केलं होतं. वायमॅक्सची आघाडी कागदावर दोन वर्षांची होती, व्हेरायझनने ती एका दिवसात पुसली.

उरलेलं ऑक्टोबर २०११ मध्ये झालं. स्प्रिंटला आयफोन मिळाला आणि त्यासाठी तिने चार वर्षांत १५.५ अब्ज डॉलर देण्याची हमी घेतली. २००८ मध्ये नव्या क्लिअरवायरचं सगळं मूल्य १४.५ अब्ज धरलं होतं. एका फोनसाठी दिलेली हमी त्याहून मोठी. आणि त्या फोनमध्ये वायमॅक्स नव्हतं. तो स्प्रिंटच्या जुन्या थ्रीजीवर चालायचा. म्हणजे कंपनीने सर्वांत जास्त पैसे मोजून आणलेले ग्राहक तिच्या सर्वांत नव्या नेटवर्कला कधी हातच लावणार नव्हते. त्याच महिन्यात स्प्रिंटने १९०० मेगाहर्ट्झवर स्वतःचं एलटीई उभारण्याचं वेळापत्रक जाहीर केलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये गूगलने ५० कोटी डॉलरला घेतलेला आपला वाटा ४.७ कोटींना विकून टाकला.

थांबले असते तर

टीडी-एलटीईसाठी वाट पाहणं हे माझं मागाहून सुचलेलं शहाणपण आहे का, असं कोणी विचारेल. दुसरीकडे काय झालं ते पाहू. थ्रीजीपीपीच्या एलटीईच्या त्याच मसुद्यात टीडीडीचं रूप पहिल्यापासून होतं, आणि त्यामागे चायना मोबाइल उभी होती, म्हणजे जगातली सर्वांत जास्त ग्राहकांची कंपनी. भारतात २०१० च्या लिलावात २.३ गिगाहर्ट्झचा जोडीशिवायचा पट्टा निघाला तेव्हा क्वालकॉमने दिल्ली, मुंबई, हरयाणा आणि केरळ ही चार मंडळं घेतली, ती सेवा चालवायला नव्हे, तर हा पट्टा वायमॅक्सकडे न जाता टीडी-एलटीईकडे जावा म्हणून. एप्रिल २०१२ मध्ये एअरटेलने कोलकात्यात त्यावर फोरजी सुरू केलं. रशियाच्या योटाने वायमॅक्सवर चांगला जम बसलेला असतानाही मे २०१० मध्येच एलटीईकडे वळायचं जाहीर केलं. क्लिअरवायरने त्याच वर्षी फिनिक्समध्ये एलटीईच्या चाचण्या घेतल्या, पण एलटीईवर जायचा बेत जाहीर करायला ऑगस्ट २०११ लागला, आणि तेव्हा त्यासाठी पैसेच नव्हते.

काही शहरांत वायमॅक्स लावून विलीनीकरणाची अट पुरी करायची, टॉवरच्या जागा आणि मायक्रोवेव्हचे दुवे हातात ठेवायचे, उरलेला पैसा राखायचा आणि २०११ मध्ये टीडी-एलटीईचे रेडिओ लावायचे. या वाटेवर प्रसिद्धी मिळाली नसती, पहिल्या फोरजी फोनचा मानही कदाचित गेला असता. पण हाती देशातला सर्वांत रुंद स्पेक्ट्रम राहिला असता, आणि सोबत तो वापरायला पैसाही.

पट्टा टिकला

डिसेंबर २०१२ मध्ये स्प्रिंटने उरलेली क्लिअरवायर समभागाला २.९७ डॉलर दराने मागितली. डिश नेटवर्क ही सॅटेलाइट टीव्ही कंपनी मध्ये पडली आणि चढाओढीत भाव ५ डॉलरवर गेला. कोणालाच वायमॅक्स नको होतं, भांडण स्पेक्ट्रमसाठी होतं. जुलै २०१३ मध्ये सौदा पुरा झाला.

वायमॅक्स बंद करायची तारीख ठरली ती ६ नोव्हेंबर २०१५ ची. तेव्हा जुना इतिहास पुन्हा वर आला. शाळांसाठी राखलेला पट्टा भाड्याने देणाऱ्या संस्थांनी भाड्याच्या बदल्यात शाळा, वाचनालयं आणि गरीब कुटुंबांसाठी स्वस्त जोडण्या मिळवल्या होत्या, आणि त्या वायमॅक्सवर चालत होत्या. त्या संस्था न्यायालयात गेल्या आणि काही शहरांत मुदतवाढ मिळाली. शेवटचे टॉवर मार्च २०१६ च्या अखेरीस बंद झाले.

१ एप्रिल २०२० रोजी टी-मोबाइलने स्प्रिंट ताब्यात घेतली. तीन आठवड्यांत फिलाडेल्फियामध्ये २.५ गिगाहर्ट्झवर तिचं फाइव्हजी सुरू झालं. त्या रेडिओत टीडीडी आहे, आणि फाइव्हजीच्या मानकाने अपलिंकलाही ओएफडीएम परत आणलं आहे, गरज पडेल तिथे एलटीईची रीत वापरायची सोय ठेवून. २००६ मध्ये वायमॅक्सच्या अभियंत्यांनी जे मांडलं होतं त्यातलं बरंचसं आता त्याच पट्ट्यावर, दुसऱ्याच कंपनीच्या नावाने चालतं. २००७ मध्ये २५ डॉलरला समभाग घेऊन २०१३ पर्यंत धरून बसलेल्यांच्या हाती मात्र ५ डॉलर आले होते.